खुराड्याला कुलूप

खुराड्याला परांची बांधणारा गवंडी आजवर एकच झाला, आणि तो या सुनेला सासरा म्हणून मिळाला.

कोंबड्या मूळच्या तिच्या. माहेराहून टोपलीत घालून, टोपली मांडीवर घेऊन, शेजारच्या प्रवाशाची कुरकुर ऐकत तिनं त्या बसमधून आणल्या होत्या. तिचं मागणं एवढंच होतं, की परसात चार फळ्या ठोका, वर जाळी मारा, आडोसा झाला की झालं. पण मिस्त्रींचे गुडघे गेल्यापासून ठेकेदारांनी त्यांना बोलावणं सोडलं होतं. अर्ध्या गावाच्या भिंती ज्यानं उभ्या केल्या, त्याला आता साधा ओटा लिंपायलाही कुणी विचारत नव्हतं. थापी, ओळंबा, गुरमाळा सगळं पोत्यात गुंडाळून दाराआड पडलेलं. अशा माणसापुढे कुणी बांधकामाचा विषय काढू नये. सुनेनं काढला.

"आडोसा?" मिस्त्री म्हणाले. "माझ्या परसात फळ्यांचा आडोसा? माझ्या मयताला आलेले लोक हसतील." आणि त्यांनी पाया खणायला घेतला.

हो, पायाच. पक्क्या विटा, आतून गिलावा, बाहेरून गिलावा, वर पत्रा, पुढे लोखंडी जाळीचं दार. मिस्त्रींना वाकवत नव्हतं म्हणून खुराडं माणूस उभा राहील एवढं उंच घेतलं. उंच झालं म्हणून वरच्या गिलाव्याला हात पुरेना. हात पुरेना म्हणून भिंतीत भोकं ठेवून त्यात बांबू खोचले, बांबूंवर फळ्या टाकल्या आणि त्या परांचीवर चढून मिस्त्रींनी कोंबड्यांसाठी असा गिलावा घोटला, की शेजारची टेलरबाई कुंपणावरून म्हणाली, "काकू, हे तुमच्या घरापेक्षा बरं दिसतंय. तुम्हीच राहायला जा."

"जाईन की," सासू म्हणाली. "तिथलं दार तरी नीट उघडतं."

सासूच्या स्वयंपाकघराचं दार ती नवी नवरी असल्यापासून उलटं उघडत होतं. उघडलं की चुलीवर आदळायचं. मिस्त्री म्हणायचे, दार बरोबर आहे, चूल चुकीच्या जागी आहे. एवढ्या वर्षांत चूल सगळ्या खोलीत फिरून पुन्हा तिथेच आली. दार होतं तिथेच होतं. त्यावरून मिस्त्रींचा स्वभाव ओळखावा.

काम संपलं, बांबू निघाले, मिस्त्रींनी एकेक भोक विटेचा तुकडा आणि सिमेंट भरून बुजवलं. मग गल्लीतल्या लोकांना बोलावून, ओल्या भिंतीवर हात फिरवत ते म्हणाले, "मुंगी शिरायची नाही. शिरली तर मी मिशी काढीन."

थंडीभर सगळं सुरळीत चाललं. अंडी निघायची, सून ती खानावळवालीकडे पोचवायची. मग ऊन तापायला लागलं. परसातली माती पायाला चटके देऊ लागली, कोंबड्या चोच उघडी टाकून धापा टाकू लागल्या. आणि अंडी कमी झाली.

सुनेला आधी वाटलं उन्हाचं आहे. पण कोंबडी ओरडून ओरडून अंडं घातल्याची दवंडी पिटायची, सून हातातलं काम टाकून जायची, तर पेंढा गरम आणि अंडं नाही. टरफल नाही, डाग नाही, काही नाही.

मग एका सकाळी लाकडांच्या ढिगाशी तिला कात सापडली. चांगली लांबलचक, पातळ, उन्हात चमकणारी. तिनं ती काठीवर उचलून ओट्यावर आणली. मिस्त्री चहा पीत होते.

"आबा, साप आहे."

मिस्त्रींनी चष्मा लावला. कात निरखली. "आहे," ते म्हणाले.

तिला हायसं वाटलं.

"पण बाहेर आहे. कात कुठे सापडली? बाहेर. म्हणजे साप बाहेर राहतो. येतो, माझी भिंत बघतो आणि परत जातो."

"मग अंडी कुठं जातात?"

मिस्त्रींनी बशी खाली ठेवली. "आत कोण जातं?"

आत फक्त तीच जायची.

घरातल्या बाईला चोर ठरवायला पुरावा लागत नाही. साप मात्र निर्दोष असतो, तोंडात अंडं धरून सापडेपर्यंत. त्यातून भिंत मिस्त्रींची आणि सून परक्या घरची. भिंतीवर संशय घेण्यापेक्षा सुनेवर घेणं सोपं होतं. त्यांनी सोपं ते केलं.

दुसऱ्या दिवशी खुराड्याला कुलूप लागलं. किल्ली मिस्त्रींच्या कमरेला. आता सुनेनं दाणे टाकायला जायचं तर आधी ओट्यापाशी उभं राहायचं. मिस्त्री सावकाश उठणार, गुडघे धरणार, "आई गं" म्हणणार, कुलूप काढणार आणि दारात उभे राहणार. ती बाहेर आली की म्हणणार, "टोपली दाखव." टोपली झाली की, "पदर झटक."

पहिल्या दिवशी तिनं पदर झटकला. भुसा उडाला, तो मिस्त्रींच्या नाकात गेला आणि ते शिंकत बसले. दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम पदरात भुसा भरून घेतला. तेवढंच समाधान.

नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता. तो टेम्पो चालवायचा आणि घरात कुठल्याही प्रश्नाला "बघू" म्हणायचा. त्याला गल्लीत नावच बघू पडलं होतं.

"अहो, मी चोर आहे का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग आबांना सांगा."

"बघू."

"काय बघू? तुमच्या बायकोचा पदर झटकून घेतात ते बघू?"

तो जेवणाच्या ताटात बघत राहिला. तिथे त्याला उत्तर सापडलं नसावं, कारण त्यानं आणखी एक भाकरी मागितली.

खरा घाव बसला तो खानावळवालीकडे. सून जेमतेम तळ झाकेल एवढी अंडी घेऊन गेली, तर खानावळवाली कांदा चिरता चिरता म्हणाली, "राहू दे गं, मनाला लावून घेऊ नकोस. खावीशी वाटतात पोरीला. मी म्हटलंसुद्धा मिस्त्रींना, खाल्ली असेल, घरचीच तर आहे."

म्हणजे मिस्त्री गावभर सांगून आले होते. सून भर उन्हात चालत घरी आली तेव्हा तिचे कान तापून लाल झाले होते, आणि ते उन्हानं नव्हे. येऊन ती सासूपुढे बसली.

"आई, मला तो साप हवाय."

"कुणाला चावायला?" सासूनं विचारलं.

"सगळ्यांना दाखवायला."

सासूनं लसणाची पाकळी सोलली. "साप सापडेल. पण ह्यांचं चुकलं असं हे म्हणतील, ते मी काही बघून मरत नाही."

त्या दिवसापासून सून सापाची वाट बघू लागली. सगळं गाव ज्याच्या नावानं दचकतं त्याला ती मनातल्या मनात आमंत्रण देत होती. ये बाबा. दिवसाढवळ्या ये. माणसं जमलेली असताना ये.

कुलूप लागल्यावरही अंडी जायची थांबली नाहीत. कुठल्याही शहाण्या माणसानं यावरून काय ते ओळखलं असतं. मिस्त्रींनी ओळखलं, की सुनेनं दुसरी किल्ली करून घेतली आहे.

"कुठून?" सून ओरडली. "मी काय लोहाराच्या घरची आहे?"

"चोर हुशार असतो," मिस्त्री म्हणाले. "पण मी चोराचा बाप आहे."

आणि त्यांनी दाराआडचं पोतं उघडलं. मूठभर पांढरं सिमेंट कालवलं, तळहातावर घेतलं, वळलं, ओल्या बोटानं घोटलं, वाळवलं, पुन्हा घोटलं. दिवस मावळायच्या आत ओट्यावर एक अंडं तयार होतं. काय सांगावं, इतकं सुरेख अंडं कुठल्या कोंबडीनं घातलं नसेल. गुळगुळीत, एका बाजूला किंचित निमुळतं. मिस्त्रींचे डोळे पाणावले. किती दिवसांनी हात चालले होते.

"आता हे ठेवतो खऱ्या अंड्यांत," ते म्हणाले. "चोर नेणार. उकडणार. आणि दात मारणार." त्यांनी हातावर हात घासले. "मग मला विचारायचं कामच नाही. ज्याचे दात पडले तो चोर."

"आणि माझे दात शाबूत राहिले तर?" सुनेनं विचारलं.

"तर बघू," नवरा आत्यंतिक घाईनं म्हणाला.

मागच्या भिंतीला ठोकलेल्या अंड्यांच्या खोक्यात ते अंडं ठेवल्यावर तांबडी कोंबडी आली, मान तिरकी करून तिनं ते पाहिलं, आणि त्यावर बसली. मिस्त्रींना याहून मोठी शाबासकी कुठल्या ठेकेदारानं दिली नव्हती. त्यांनी कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं.

सकाळी खोकं रिकामं. खरी अंडी गेली, खोटंही गेलं.

मिस्त्री आनंदानं फुलून गेले. "गेलं!" ते अंगणात ओरडले. "दात दाखव!"

सुनेनं दोन्ही ओठ मागे ओढून असे दात दाखवले, की कुत्रंही मागे सरलं असतं. सगळे जागच्या जागी. मिस्त्रींनी मग मुलाचे पाहिले. मग बायकोकडे वळले.

"माझे आहेत कुठं?" सासू म्हणाली. "तुमच्या घरात घासघासून गेले."

मिस्त्री विचारात पडले. आणि नेमकी त्याच वेळी टेलरबाई कुंपणापाशी आली. तिच्या गालाला फडकं बांधलेलं, एक बाजू टम्म फुगलेली. दाढ दुखत होती बिचारीची. "लवंग आहे का गं घरात?" तिनं सुनेला कसंबसं विचारलं.

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. फुगलेल्या गालाकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जो उजेड पडला, तो पाहून सून मधे येऊन उभी राहिली.

"आबा, नको," ती म्हणाली.

"चोर सापडला!" मिस्त्री गरजले. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "दगडावर दात मारलास ना? मार अजून!"

पुढे जे झालं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. दाढ दुखत असताना शिवी देणं अवघड, पण टेलरबाईनं फडकं सोडलं आणि मार्ग काढला. गाल फुगल्यामुळे निम्मे शब्द कळत नव्हते. जे कळले तेवढ्यावर मिस्त्रींच्या पूर्वजांचा निकाल लागला. तुझ्या पोराचे शर्ट कुणी उसवून दिले, तुझ्या बायकोची झंपर कुणी सैल केली, आणि तू मला अंडीचोर म्हणतोस? लोक जमले. एक बाई म्हणाली, परवापर्यंत तर सून चोर होती. दुसरी म्हणाली, दोघी मिळून असतील. सुनेला जमीन दुभंगावी असं वाटलं नाही, उलट कुणाला तरी जमिनीत गाडावं असं वाटलं.

टेलरबाई पाय आपटत घरात गेली आणि तिनं दार लावून घेतलं. पण तिचं अजून बरंच बोलायचं राहिलं होतं. म्हणून ती घरातून फिरून मागच्या खिडकीशी आली. ही खिडकी खुराड्याच्या मागच्या भिंतीसमोर उघडायची. मधे चिंचोळी बोळ. तिथे बांधकामातल्या उरलेल्या विटा आणि फळ्या पडलेल्या, कुणाचं पाऊल पडायचं नाही. खिडकी उघडून, खुराड्याच्या भिंतीलाच मिस्त्री समजून, तिनं तोंड उघडलं.

आणि समोरून भिंतीनं जीभ बाहेर काढली.

तिची किंकाळी ऐकून कोंबड्याही गप्प झाल्या. मग पुन्हा किंकाळी. मग फुगलेल्या गालातून एकच शब्द, आणि तो मात्र स्वच्छ कळला.

"साप!"

सून धावली. लग्नात वाजंत्री ऐकूनही ती इतक्या आनंदानं धावली नव्हती. फळ्या तुडवत, साडी खोचून ती बोळीत शिरली. कमरेएवढ्या उंचीवर, फळ्यांच्या आडोशाला, भिंतीत एक वाटोळं भोक होतं. त्यातून हातभर धामण बाहेर लोंबत होती. पिवळट, चकचकीत, आणि चेहरा असा की नको तिथे पाहुणा म्हणून आलो. मागचं शरीर आत, खोक्यामागच्या फटीत. मधे भिंतीत काहीतरी अडकलं होतं.

"धामण आहे," ती ओरडली. "विषारी नाही. पण कुणी हात लावू नका. आबा! या इकडे!"

मिस्त्री आले. गुडघे धरत, फळ्यांना धरत आले. मागून अर्धी गल्ली. बघू सगळ्यांच्या मागे.

मिस्त्रींनी साप पाहिला. भोक पाहिलं. पुन्हा साप पाहिला.

"हे माझं भोक नाही," ते म्हणाले.

"मग कुणाचं?"

"सापानं पाडलं असेल."

"पक्क्या विटेत?" टेलरबाई खिडकीतून ओरडली. "काय दातानं?"

"गोल आहे," सून शांतपणे म्हणाली. "बांबूएवढं गोल. परांचीचं आहे, आबा. बाकीची बुजवलीत, हे राहिलं. बाहेरून फळ्या रचल्यात आणि आतून त्याच्यावरच अंड्यांचं खोकं ठोकलंत, मागं फट ठेवून. म्हणून दिसलं नाही."

सगळ्यांना आठवत होतं, मिस्त्री कामावर असताना हाताखालच्या माणसांना कशावरून शिव्या द्यायचे. परांचीचं भोक विसरणाऱ्या माणसाला ते गवंडी म्हणायचे नाहीत. काय म्हणायचे ते इथे लिहिता येत नाही.

सापानं जोर लावला. भिंतीच्या आत काहीतरी टकटक वाजलं. सिमेंटवर सिमेंट. ते काय आहे हे मिस्त्रींच्या कानाला सगळ्यांत आधी कळलं.

"माझं अंडं," ते पुटपुटले.

"हो. तेच अडकलंय. पुढं जाता येत नाही आणि मागं खोक्याची फळी आडवी येते. भोक मोठं केल्याशिवाय हा सुटत नाही."

"मारून टाका," मागून कुणीतरी म्हणालं.

"खबरदार!" सून फिरली. "माझ्या बाजूनं बोलणारा एवढा एकच आहे या गावात. अहो, छिन्नी-हातोडा आणा."

बघूनं तोंड उघडलं. सून त्याच्याकडे नुसती बघत राहिली. तो शब्द गिळून तो पळाला, आणि छिन्नी-हातोडा घेऊन आलाही.

मिस्त्रींनी हात पुढे केला. सुनेनं हत्यार घेतलं आणि दिलं नाही.

"किल्ली," ती म्हणाली.

"अगं, आधी साप—"

"साप थांबतो. त्याला कुठं जाता येतंय?"

मिस्त्रींनी कमरेची किल्ली सोडली. गाठ पक्की होती, वेळ लागला. गल्ली बघत होती. किल्ली तिनं घेतली आणि पदराला बांधली, झटकायला लावायचे त्याच पदराला. मग छिन्नी भोकाच्या कडेला लावली.

"तिथं नको," मिस्त्रींना राहवलं नाही. "वीट फुटेल. सांध्यात मार. तिरकी धर. अशी नाही, तिरकी. अगं, हळू, गिलावा उडतोय!"

"उडू दे."

प्रत्येक घावाला मिस्त्री डोळे मिटत होते, जणू त्यांच्याच बरगडीत बसतोय. साप मात्र शहाण्यासारखा निपचित पडून होता. सांधा सुटला, विटेचा तुकडा खाली पडला. धामण एकदम सरकली, धप्पकन फळ्यांवर आली. गल्ली एका दमात बोळीबाहेर गेली, टेलरबाईनं खिडकी लावली. तिथे उरले दोघं, सून आणि मिस्त्री. मिस्त्रींचे गुडघे पळण्याच्या लायकीचे असते तर तेही नसते.

धामणीनं अंगाला दोनदा वळसे घातले, जबडा फाकवला आणि पोटातलं ओझं वर ढकलत ढकलत आणलं. सिमेंटचं अंडं, ओलं, चिकट, घरंगळत आलं ते मिस्त्रींच्या पायाशी थांबलं. मग ती विटांच्या ढिगाला वळसा घालून रानाकडे गेली. गेली ती कुणाकडे न बघता.

मिस्त्री वाकले. किती महिन्यांत वाकले नव्हते. अंडं उचललं, धोतराला पुसलं, उजेडात धरून चहूबाजूंनी फिरवलं.

"चीर नाही," ते हळूच म्हणाले. "बघ. एक चीर नाही."

सून बघत राहिली. तिला हसू आलं आणि त्याच वेळी तो हातोडा त्या अंड्यावर घालावासा वाटला. तिनं हातोडा खाली ठेवला.

मिस्त्री पोत्याकडे निघाले. "सिमेंट कालवतो. आत्ता बुजवून टाकतो."

"आज नाही," सून म्हणाली. "समोर पत्रा लावते, कोंबड्या दुसरीकडे ठेवते. भोक आज उघडं राहू दे. ज्यांनी माझं नाव ऐकलं, त्यांनी हेही बघून जावं. तुम्ही इथंच बसा. विचारतील त्यांना सांगा."

"काय सांगू?"

"ते तुम्ही ठरवा. गावभर सांगताना मला विचारलं नव्हतं."

सासूनं बोळीच्या तोंडाशी एक स्टूल आणून ठेवलं. हसू दाबण्याचा तिनं प्रयत्नही केला नाही.

मिस्त्री बसले. ऊन कलेपर्यंत लोक येत राहिले. पहिल्याला ते म्हणाले, "काही नाही, जुनं बांधकाम." सून दाणे पाखडत होती. तिनं सूप जोरात आपटलं. दुसऱ्याला म्हणाले, "राहिलं एक." तिसऱ्याला म्हणाले, "माझ्याकडून राहिलं." टेलरबाई आली तेव्हा त्यांनी नुसती लवंगांची पुडी पुढे केली. तिनं ती हिसकावून घेतली आणि पुढच्या ब्लाउजला जास्त दिवस लागतील असं सांगून गेली.

शेवटी खानावळवाली आली. पत्रा बाजूला करून तिनं भोकात डोकावून पाहिलं. "अगं बाई, केवढं हे! कुणी ठेवलं?"

मिस्त्रींनी सुनेकडे पाहिलं. सून सूप हातात धरून थांबली होती. त्यांनी मिशीवरून हात फिरवला, बहुधा ती अजून आहे ना हे बघायला.

"मी ठेवलं," ते म्हणाले. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाईल एवढा. "चोर माझी भिंत होती. सून नव्हती."

आत चुलीपाशी सासूच्या हातातलं झाकण खाली पडलं. ती बाहेर धावली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, दार चुलीवर आदळलं तरी तिनं शिवी दिली नाही.

सून पुन्हा दाणे पाखडू लागली. तिला वाटलं, झालं, मिळालं. मग तिच्या कानावर आलं, मिस्त्री खानावळवालीला जवळ बोलावून म्हणत होते,

"पण हे अंडं बघा. सापाच्या पोटात जाऊन आलंय. चीर आहे का कुठं, दाखवा."